वाचलेल्या माणसाची कादंबरी

१ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारनं आठ मोठ्या सरकारी रुग्णालयांतून एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. मुंबईचं जे. जे. त्यांपैकी एक. तोपर्यंत एड्सची गोष्ट एका वाक्यात संपायची: झाला, म्हणजे मेला. श्रीमंतांना औषधं मिळत होती, पण १९९६ नंतर आलेल्या तीन औषधांच्या उपचाराचा परदेशी कंपन्यांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं तो ३५० डॉलरवर, म्हणजे तेव्हाच्या साधारण १६ हजार रुपयांवर आणला आणि जगभर खळबळ उडाली. ऊसतोडीच्या मजुराला १६ हजारही आभाळाएवढेच. मोफत गोळ्या पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत, सांगली-मिरजेत, साताऱ्यात पोचल्या, आणि त्या एका वाक्याच्या गोष्टीचा शेवट बदलला.

आपल्या साहित्याला ही बातमी अजून नीट पोचलेली नाही, असं मला वाटतं. आपल्या डोक्यातला एड्सचा पेशंट अजूनही खाटेवर पडलेला, डोळे खोल गेलेला, शेवटच्या प्रकरणात डोळे मिटणारा असतो. त्यात तो पुरुषावर प्रेम करणारा पुरुष असेल तर त्याचं मरण दुप्पट पक्कं. तो जगला तर? त्याला पन्नाशी गाठायची असेल, गुडघे दुखत असतील, द्राक्षाच्या बागेवर औषध मारायला माणूस मिळत नसेल, तर? अशा माणसाची कादंबरी कशी लिहायची? तिचा निवेदक कोण, तिच्यातला काळ कसा चालेल, ती कोणत्या शब्दांत बोलेल? हे प्रश्न मी सातारा आणि सांगली डोळ्यांसमोर ठेवून विचारतोय. त्याला कारण आहे.

हे दोन जिल्हे मुळात एकाच घरातले. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा जिल्हा झाला, त्यालाच १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालं. पुणे-बंगळूर महामार्ग दोघांच्याही पोटातून जातो. पाटणच्या डोंगरातला माणूस माथाडी म्हणून मुंबईला, विटा-आटपाडी आणि माण-खटावचा गलाईवाला सोनं-चांदी गाळायला देशभर. महिनोन्‌महिने एकट्यानं राहणारे पुरुष, ट्रकचे थांबे, साखर कारखान्यांचे हंगाम. १९९० च्या दशकात एचआयव्हीचा नकाशा काढला गेला तेव्हा सांगली देशातल्या जास्त प्रादुर्भावाच्या जिल्ह्यांत होती, याचं नवल वाटायला नको.

पण या मातीचा दुसरा नकाशा आहे, तो नाटकाचा. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते सांगलीत. त्यात सीता कोण झालं असेल? पुरुषच. पुढे ऐंशी-नव्वद वर्षं मराठी रंगभूमीवरची बहुतेक प्रत्येक नायिका पुरुष होती. बालगंधर्वांनी १९०५ मध्ये शकुंतला म्हणून रंगमंचावर पाऊल टाकलं ते मिरजेत. त्यांच्या साड्यांची, दागिन्यांची, पदर घेण्याच्या पद्धतीची नक्कल घरंदाज बायका करत. १९१९ मध्ये ते 'एकच प्याला'तली सिंधू झाले. नाटक लिहिणारे राम गणेश गडकरी त्याच वर्षी जानेवारीत क्षयानं गेले होते, वय अवघं ३३. सिंधू रंगमंचावर मरायची आणि महाराष्ट्र रडायचा. पुरुषानं बाई होऊन मरावं, याला कुणाची हरकत नव्हती. तिकीट काढून लोक येत. तोच पुरुष पडदा पडल्यावर घरी जाऊन कुणावर जीव लावत असेल, हा विषय मात्र निघाला नाही. सतीश आळेकरांनी १९७९ मध्ये 'बेगम बर्वे' लिहून त्या पडद्यामागे पहिल्यांदा डोकावून पाहिलं. त्यांचा बर्वे स्त्री-भूमिकांच्या काळाचा उरलेला तुकडा आहे, उदबत्त्या विकतो आणि मनातल्या मनात एका कारकुनाची बायको होतो. नाटकात तो मरत नाही. पण जगण्यासाठी त्याला फक्त कल्पनेचीच जागा मिळते.

क्षयाचा विषय निघाला आहे तर थोडं मिरजेबद्दल. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरानं १८९४ मध्ये तिथं रुग्णालय उघडलं आणि मिरज हे दवाखान्यांचं गाव झालं. मिरज आणि सांगलीच्या मधे क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम झालं, त्या वस्तीचं नावच वॉनलेसवाडी. जुन्या मराठी कथा-कादंबऱ्यांत खोकला हा वाक्याच्या शेवटच्या पूर्णविरामासारखा यायचा. रुमालावर रक्ताचा डाग पडला की वाचकाला कळायचं, अजून चाळीसेक पानं. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, काही वर्षांत ते आपल्याकडे आलं, आणि बघता बघता क्षय हे कादंबरीचं आवडतं मरण राहिलं नाही. औषधानं कथानकाची एक सोय काढून घेतली. आता त्याच भागात एचआयव्हीच्या गोळ्यांनी दुसरी सोय काढून घेतली आहे, फक्त लेखक अजून जुन्याच सवयीनं रुमालाकडे बघतायत.

गोव्यात तर या दोन रोगांची एकाच इमारतीत गाठ पडली. डॉमिनिक डिसूझा या रक्तदात्याची तपासणी पॉझिटिव्ह आली, तेव्हा १९८९ मध्ये त्याला गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली पकडून म्हापशात क्षयरोग्यांच्या जुन्या, बंद पडलेल्या इमारतीत ६४ दिवस कोंडलं. बाहेर आल्यावर त्यानं कोर्टात लढा दिला, संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. त्याच्या आयुष्यावरून सुचलेला ओनीरचा 'माय ब्रदर निखिल' हा सिनेमा २००५ मध्ये आला. त्यातला नायक समलिंगी आहे, त्याच्या प्रियकराला माणूस म्हणून जागा आहे, आणि तो शेवटी मरतो. कथेचा काळ १९९० च्या आसपासचा, त्यामुळे ते खरंच आहे. पण सिनेमा लागला तेव्हा मोफत औषध सुरू होऊन वर्ष झालं होतं.

समलिंगी पात्राला मारण्याची सवय आपल्याकडे रोगाच्याही आधीची. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधली सुमित्रा एका बाईवर प्रेम करते. १९८१ च्या मराठी रंगभूमीवर हे धाडसच होतं. शेवटी ती आत्महत्या करते. तेंडुलकरांनी तिला खलनायिका केलं नाही, हे त्यांचं मोठेपण, पण तिला चाळिशीही दिली नाही.

जगात काय झालं? फ्रान्समध्ये एर्वे गिबेरनं १९९० मध्ये ज्या कादंबरीत स्वतःचा आजार लिहिला तिचं नावच एका अशा मित्राला उद्देशून आहे, ज्यानं जीव वाचवला नाही. गिबेर पुढच्याच वर्षी गेला. त्याच्या लिहिण्यात घाई आहे, घड्याळ डोक्यावर टांगलेलं आहे. याच्या उलट अमेरिकेचा एडमंड व्हाइट. त्याला १९८५ मध्ये निदान झालं आणि तो २०२५ पर्यंत, वयाच्या ८५ व्या वर्षापर्यंत जगला. त्याच्या 'द फेअरवेल सिम्फनी' या १९९७ च्या कादंबरीचं नाव हायडनच्या एका रचनेवरून आहे. तिच्यात वादक एकेक करून उठून जातात आणि शेवटी अगदी थोडे उरतात. कादंबरीत मित्र एकेक करून जातात आणि सांगणारा उरतो. उरण्याची लाज, उरण्याचा कंटाळा, मेलेल्यांची नावं विसरण्याची भीती ही तिची खरी सामग्री. रिबेका मकाईनं २०१८ च्या 'द ग्रेट बिलीव्हर्स'मध्ये तर काळच दोन पट्ट्यांत कापला. एक पट्टी ऐंशीच्या दशकातल्या शिकागोची, दुसरी २०१५ च्या पॅरिसची. वाचणारा माणूस दोन काळांत एकदम राहतो, हे तिनं प्रकरणांच्या मांडणीतूनच दाखवलं.

ही तंत्रं उचलून साताऱ्यात आणता येतील का? नुसती उचलून नाही. व्हाइटच्या निवेदकाला मित्रांची एक पूर्ण वस्ती होती, जी त्याच्यादेखत ओसरली. कोरेगावच्या किंवा तासगावच्या अशा माणसाला बहुधा वस्तीच नव्हती. त्याला होतं घर, भाऊबंद, गावकी आणि बायको.

बायको हा शब्द इथं सगळ्यात अवघड. आपल्याकडे अशा मुलाचं लग्न पंचविशीच्या आत उरकलं जातं, त्यामुळे त्याच्या गोष्टीत ती असणारच. अनेक घरांत आधी तिची तपासणी झाली, कारण ती गरोदर होती आणि दवाखान्यात गरोदर बाईचं रक्त तपासतात. म्हणजे कागदावर पहिलं नाव तिचं. मग सासूनं काय म्हटलं असेल, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पहिला नवरा गेला तर 'नवऱ्याला खाल्लं', आणि जमिनीच्या सातबाऱ्यावरून नाव गायब. अशा कादंबरीत नायकाची सगळी करुणा त्याच्या वाट्याला आणि तिच्या वाट्याला एक परिच्छेद, असं झालं तर ती कादंबरी खोटी. उलट तो रोग आणणारा राक्षस आणि ती देवता, असं केलं तर ती आरोग्य खात्याची भिंतीवरची पाटी. मला वाटतं, निदान अर्धी कादंबरी तिच्या आवाजात असावी लागेल. सचिन कुंडलकरांनी 'कोबाल्ट ब्लू'मध्ये (२००६) हे तंत्र वापरलं आहे. पुण्यातले भाऊ-बहीण, दोघांचाही एकाच पेइंग गेस्टवर जीव, आणि दोघांची दोन स्वगतं शेजारीशेजारी. एकाला दुसऱ्याचं ऐकू जात नाही, वाचकाला दोघांचं ऐकू येतं. नवरा-बायकोच्या बाबतीत ही रचना किती जीवघेणी होईल, याचा विचार करून पाहा.

निवेदकाबद्दल आणखी एक गोष्ट आहे, आणि ती थेट कायद्याशी बांधलेली आहे. ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ दोन पुरुषांच्या राजीखुशीच्या संबंधालाही गुन्हा म्हणत होतं. मधे २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दिलेला दिलासा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काढून घेतला होता. समुपदेशक विचारणार, 'कुठून लागलं असेल, काही सांगता येईल?' खरं सांगणं म्हणजे गुन्ह्याची कबुली. मग ठरलेली उत्तरं: 'ट्रकवर होतो', 'ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवलं होतं', 'मित्रांच्या नादानं एकदा बाईकडे गेलो होतो'. गंमत बघा, बाईकडे गेलो हे सांगणं सोपं होतं. त्या एका खोट्यानं माणसाची मर्दानगी शाबूत राहायची आणि दोष सरळ गोकुळनगरच्या दारात जाऊन पडायचा. साहित्याच्या तासाला 'अविश्वसनीय निवेदक' शिकवतात तेव्हा परदेशी उदाहरणं देतात. आपल्याकडे कायद्यानंच असे हजारो निवेदक घडवले.

एचआयव्हीची बाधा लपवण्याला कायदेशीर संरक्षण देणारा, संमतीशिवाय ती उघड करू नये असं सांगणारा केंद्राचा कायदा २०१७ मध्ये झाला आणि लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. ३७७ च्या निकालानंतर अवघ्या चार दिवसांनी. या आठवड्याभोवती कुणी एक आख्खं प्रकरण रचलं तर मी ते आनंदानं वाचेन.

आणि ३७७ विरुद्धची लढाई उभी राहिली तीच मुळी या रोगाच्या पायावर. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात कंडोम वाटायला नकार मिळाल्यावर पहिली याचिका झाली. २००१ च्या नाझ फाउंडेशनच्या याचिकेचा मुद्दाही हाच होता, की गुन्हा ठरवलं की माणसं लपतात आणि लपलेल्यांपर्यंत औषध पोचत नाही. सरकारच्याच एड्स नियंत्रण संघटनेनं कोर्टात सांगितलं की अशा पुरुषांमधलं प्रमाण आठ टक्क्यांच्या घरात आहे, सर्वसाधारण लोकांमध्ये एक टक्क्याच्या आत. प्रेमाचा हक्क आपल्याकडे आधी आरोग्याच्या दारानं आत आला. कादंबरीत प्रेमाचा विषय दवाखान्याच्या बाकावर निघाला तर तो ओढूनताणून आणलेला वाटणार नाही, तो आपला इतिहासच आहे.

गोकुळनगरचं नाव आलं. सांगलीतली ही वेश्यावस्ती. १९९२ मध्ये मीना शेषू आणि सहकाऱ्यांनी 'संग्राम' म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्था सुरू केली, आणि कंडोम वाटण्यापासून कामाला सुरुवात झाली. वाटणाऱ्या होत्या त्याच वस्तीतल्या बायका. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना झाली, 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. २००५ च्या सुमारास अमेरिकेनं मदत घेणाऱ्यांना वेश्याव्यवसायाच्या विरोधात लेखी प्रतिज्ञा करायला सांगितलं, तेव्हा सांगलीच्या या संस्थेनं पैसे नाकारले. पुढे याच परिवारातून पुरुष आणि ट्रान्सजेंडर देहविक्रेत्यांचा 'मुस्कान' हा गट उभा राहिला. परिषदेच्या बायकांनी सुषमा देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली स्वतःच्या आयुष्यावर नाटक केलं, स्वतःच भूमिका केल्या. भाव्यांच्या सांगलीत पुन्हा एकदा नव्या प्रकारचं नाटक झालं म्हणायचं, फक्त यावेळी बाईची भूमिका बाईनंच केली आणि ती शेवटी मेली नाही.

या परंपरेतून कादंबरीला मिळण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे सूर. तिथं रडगाणं फार वेळ टिकत नाही. थट्टा, शिवी, टाळी आणि मधेच एखादं गंभीर वाक्य. मराठी मध्यमवर्गीय कादंबरीला आजाराबद्दल बोलताना जो कातर आवाज लागतो, तो या बायकांना आणि मुस्कानमधल्या पोरांना ऐकवला तर ते हसतील.

ग्रामीण कादंबरी या विषयाच्या अगदी जवळून गेली आहे. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधला गुणा पैलवानी अंगाचा, तो नाच्या होतो आणि गाव त्याला माणसांतून उठवतं. राजन गवसांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग'मध्ये यल्लम्माला सोडलेल्या बाई-पुरुषांचं जग लिहिलं. मळणगावच्या, म्हणजे सांगली जिल्ह्यातल्याच चारुता सागरांची 'दर्शन' ही कथा आणि गवसांच्या या दोन कादंबऱ्या मिळून २००९ चा 'जोगवा' झाला. त्यातला तायाप्पा लुगडं नेसतो, पण त्याचं मन सुलीवर. ही सगळी माणसं बाईचा वेष घ्यावा लागलेले पुरुष आहेत आणि लेखक आपल्याला पुन्हा पुन्हा हमी देतो की आतून ते 'तसे' नाहीत. जतच्या यल्लम्माच्या यात्रेत फिरलेल्या कुणालाही ठाऊक आहे की काही जण तसेही असतात. त्यांना त्या लुगड्यात बळजबरीइतकंच घरही सापडलेलं असतं. तिथं गवसांसारख्या थोर लेखकाचीही लेखणी थांबते, असं म्हणायचं धाडस मी करतो.

शहरात थोडं पुढे गेलं आहे. आर. राज राव यांच्या 'द बॉयफ्रेंड'मध्ये (२००३) मुंबईतला इंग्रजी पत्रकार युदी आणि दलित वस्तीतला मिलिंद महाडिक आहेत. कादंबरी इंग्रजीत आहे, पण तिच्यातली जात, लोकल आणि चाळ मराठीच. पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' अनेक मराठी मुलांनी गुपचूप झेरॉक्स काढावी तशी हातोहात वाचली. पण हे सगळं पुणे-मुंबई. कराडच्या पुढे कादंबरी उतरत नाही.

उतरली, तर तिला काय काय सापडेल! गोळ्यांचाच इतिहास घ्या. सुरुवातीच्या गोळ्यांमध्ये स्टॅव्हुडिन होतं. त्यानं जीव वाचायचा, पण गालांची चरबी जायची, चेहरा बसायचा, हातापायाच्या शिरा वर यायच्या. म्हणजे जो वाचला त्याच्या तोंडावरच ते लिहिलेलं, आणि गावाला ते वाचता यायचं. मग एफाविरेंझ आलं. ही गोळी रात्री झोपताना घ्यायची. तिचा ठळक परिणाम म्हणजे स्वप्नं, इतकी लख्ख की सकाळी खरं-खोटं निवडायला वेळ लागावा. कोणत्या कादंबरीकाराला स्वप्नांसाठी इतकं सरळ, वैद्यकीय निमित्त मिळतं? गेल्या काही वर्षांत डोल्युटेग्राविर आलं. आता दिवसाला एक गोळी, चेहरा जसाच्या तसा, रक्तात विषाणू मोजण्यापलीकडे कमी, आणि मोजता येत नसेल तर तो संबंधातून पुढेही जात नाही. चेहऱ्यावरून रोग पुसला गेला की लपवणं सोपं होतं आणि सांगणं आणखी अवघड होतं. तीन औषधं, तीन वेगवेगळी कथानकं.

भाषेचंही तसंच. 'समलिंगी' हा शब्द पुस्तकातला, 'बायल्या' हा शाळेच्या मैदानातला, 'कोती' आपसातला. रोगासाठी 'तसला आजार', आणि उपचारासाठी नुसतं 'गोळ्या चालू आहेत'. बीपीच्या, शुगरच्याही गोळ्या चालूच असतात, त्यामुळे हे वाक्य भर पंगतीत बोलता येतं. आणि आपलं 'वाचणं' हे क्रियापद तर दोन्हीकडून चालतं. वाचलेला माणूस आणि वाचलेला मजकूर. इंग्रजी कादंबरीकाराला हे फुकटात मिळणार नाही. (तसं पाहिलं तर १९८६ मध्ये चेन्नईत देशातले पहिले रुग्ण शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, तिथल्या मराठी कुटुंबातल्या. म्हणजे भारतातल्या एड्सच्या इतिहासाच्या पहिल्या पानावरही मराठी आहे.)

आणि एसटी. साताऱ्याचा माणूस सांगलीत नाव नोंदवतो, सांगलीचा कोल्हापुरात, कारण आपल्या तालुक्याच्या सेंटरवर शेजारच्या आळीतली परिचारिका असू शकते. दर महिन्याला एक प्रवास, घरी सांगायला एक कारण. कधी मार्केट यार्डात हळदीचे दर, कधी दातांचा डॉक्टर. बाकावर शेजारी बसलेला ओळखीचा निघाला तर दोघंही एकमेकांना न ओळखल्यासारखं करतात. मग महिनोन्‌महिने तोच बाक, तोच माणूस. खिडकीपाशी डबी उघडून उरलेल्या गोळ्या मोजायच्या असतात. एक जास्त निघाली तर विचारणार, कुठल्या रात्री चुकली? आणि त्याला ती रात्र बरोबर आठवत असते.